एक तास पस्तीस मिनिटं

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

विमान उशिरा आहे. किती उशिरा, ते फळ्यावर लिहिलेलं नाही आणि काउंटरवरच्या मुलीलाही माहीत नाही. ती प्रत्येकाला तेच गोड हसू देते आणि प्रत्येक जण तेच तोंड वाकडं करून परत येतो. मीही आलो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी फोन कमी बघा म्हणून बजावलंय. मी दात घासून पोट भरतो, म्हणजे दुसऱ्यांचे दात. भागीदाराबरोबर माझी छोटी लॅब आहे. दंतवैद्य मापं पाठवतात, आम्ही कवळ्या आणि कॅप बनवून देतो. दिवसभर भिंगाखाली डोळे, मग वाट बघताना फोनमध्ये डोळे. म्हणून लेकीची अर्धी कोरी वही उचलून आणली. दर शुक्रवारी इथे बसायचंच आहे, तर लिहावं काहीतरी.

लेकीने काल एक वेबसाइट दाखवली. दोन विमानतळांची नावं टाकायची, मधलं अंतर आणि लागणारा वेळ समोर येतो. आमचं अंतर नऊशे बारा किलोमीटर, वेळ एक तास पस्तीस मिनिटं. "बघा बाबा, एवढंसंच तर आहे. तुम्ही उगाच कुरकुरता." अंतर सरळ रेषेत मोजतात म्हणे. माझी रेषा मात्र लॅबच्या दारातून निघते, बसमध्ये उभी राहते, तपासणीच्या रांगेत बूट आणि पट्टा काढते, इथे खुर्चीवर पाठ मोडून घेते, मग उडते, उतरते, टॅक्सीसाठी भांडते आणि आईच्या दारात पोचेपर्यंत तिचा पार पीळ झालेला असतो. ते त्या वेबसाइटवर नाही.

डिसेंबरपासून हे चाललंय. आई ऐंशीची. डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं, पण गुडघे संपलेत. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फिरते, आणि बंद जागेत तिचा जीव घाबरा होतो. लिफ्टमध्येसुद्धा डोळे मिटून घेते. तिच्याजवळ ताई राहते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, लग्न केलं नाही, शाळेत भूगोल शिकवायची. डिसेंबरात तिच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. वजन उचलायचं नाही असं सांगितलंय, आणि आईला तर उचलावंच लागतं. आठवडाभर खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू सकाळ-संध्याकाळ येऊन हात लावतात. शनिवार-रविवार माझे.

फळा हलला. आणखी चाळीस मिनिटं.

रविवार, ११ फेब्रुवारी

परतीच्या विमानतळावर. हे जरा बरं आहे, इथल्या खुर्च्यांना पाठ आहे.

दोन दिवसांत चादरी धुतल्या, भाजी-दूध-औषधं आणली, न्हाणीघरातला नळ बदलला, आईला दोनदा आंघोळीच्या स्टुलावर बसवलं आणि उठवलं. ताई खुर्चीवर बसून सूचना देत होती. वर्गात शोभेल असा आवाज. "हाताला धरून ओढू नकोस, काखेखालून घे. आधी सांग तिला, मग उचल. ती काय पोतं आहे?"

"मग तूच ये आणि दाखव," मी म्हटलं. ती हसली, उठली नाही. चार वर्षं मुकादमाची नोकरी केल्यासारखी तरबेज झालीये बसल्या जागेवरून कामं सांगण्यात. ऑपरेशनला दोन महिने होऊन गेले. खडे काढलेली माणसं पंधरा दिवसांत कामाला लागतात. भागीदाराच्या बायकोचे काढले होते, ती तिसऱ्या आठवड्यात गाडी चालवत होती. पण हे ताईला कोण सांगणार.

जेवताना तिने विचारलं, "विमानात बसल्यावर पट्टा कधी सोडता येतो?"

"वर गेल्यावर. दहा-पंधरा मिनिटांनी."

"आणि परत कधी लावायचा?"

"उतरायच्या आधी वीसेक मिनिटं. का गं?"

"सहज. म्हणजे मधे तास उरतो. तेवढ्यात बाथरूमला जाता येतं?"

"ताई, पेपर काढतेयस का?"

"ठोंब्या, विचारलेल्याचं उत्तर दे."

मी उत्तरं दिली. जाता येतं, जागा अरुंद असते, कान दडपतात, चॉकलेट चघळलं की बरं वाटतं. आई भातावर दूध ओतून घेत होती. तिने एकदा ताईकडे पाहिलं आणि पातेलं पुढे सरकवलं. "तू पण घे थोडं." ताईने चमचाभर घेतलं. तेही तिच्या ताटात तसंच राहिलं. बारीक होण्याचं खूळ शिरलंय बहुतेक. या वयात!

मंगळवार, १३ फेब्रुवारी

एका बाईंची खालची कवळी परत आली. मधली रेषा चुकली होती, हसल्या की तोंड डावीकडे गेल्यासारखं दिसायचं. वीस वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती. भागीदार ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कवळी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "तुझं शरीर सोमवारी येतं, डोकं बुधवारी पोचतं. त्याचं पण तिकीट काढत जा."

हिला सांगितलं. ही म्हणाली, "मी किती वेळा म्हटलं, आईंना इकडे आणू या. लेकीची खोली मोठी आहे." ही खरंच म्हणते, तोंडदेखलं नाही. पण ताईला कसं विचारायचं? आई म्हणजे तिचं सगळं जग. ती कोसळेल.

शनिवार, १७ फेब्रुवारी

दोघींना वेड लागलंय.

बाजारातून आलो तर आतल्या खोलीतून ताईचा आवाज. "सर्व प्रवाशांनी कृपया आपले पट्टे बांधावेत." आत पाहतो तो कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत खुर्ची घातलेली, आणि त्यात आई! गुडघे समोरच्या पेटीला टेकलेले, पोटावर बाबांचा जुना पट्टा. खिडकीचा पडदा ओढून खोली अंधारी केलेली. ताई कॉटवर उशीला टेकून हवाईसुंदरी झाली होती. हातात ट्रे, ट्रेमध्ये एक पेपरमिंट आणि पाण्याचा पेला.

"हे काय चाललंय?"

"गप्प बस, विमान वर चाललंय," ताई म्हणाली.

आईचे ओठ पांढरे पडले होते. खुर्चीचे हात तिने असे घट्ट धरले होते की नखं लाकडात रुततील. मी पुढे होऊन पट्टा सोडायला गेलो तर आईच माझ्यावर खेकसली. "हात लावू नकोस! काल पन्नास मिनिटं बसले होते मी."

मग मी बाहेरच्या खोलीत पिशव्या रिकाम्या करत बसलो. आतून पंख्याचा आवाज, मधूनच ताईची घोषणा, हवामान जरा खराब आहे वगैरे. एकदा तिने आईची खुर्ची हलवली असावी, कारण आई "अगं बाई!" म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. हसण्याचा शेवट ताईच्या खोकल्यात झाला आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

मला चीड आली, लिहूनच टाकतो. मी नऊशे बारा किलोमीटर खरं विमान गाठून येतो, मान आखडलेली, कान बसलेले, आणि या दोघी इथे विमान विमान खेळतायत. रिकामटेकडेपणा म्हणतात तो हाच. आईला आंघोळ घालताना मुकाट होतो. तिने विचारलं, "दमलास का रे?" मी नाही म्हटलं. आईला नाहीच म्हणतो आपण.

रविवार, २५ फेब्रुवारी

आजचं लिहून ठेवतो.

सकाळी चहा घेताना ताई म्हणाली, "आईला तू घेऊन जा."

मी विचारणार होतो तेच तिने स्वतःहून सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तोंडात मारल्यासारखं झालं.

"किती दिवस?"

"कायमची. मार्चच्या मध्यावर कर. तोवर तिची तयारी होईल."

"तू?"

"मी इथे राहीन. मलाही जरा मोकळं होऊ दे की. आयुष्यभर दुसऱ्याच्या घंटेवर उठले. शाळेच्या नाहीतर आईच्या. आता मनात येईल तेव्हा झोपेन."

आई तिथेच बसलेली. तिच्यासमोर! मी आईकडे पाहिलं, ती पावाचा तुकडा चहात बुडवत होती. तुकडा गळून कपात पडला तरी बोटं तशीच.

मी म्हटलं, "आईला काय वाटतं ते विचारलंस का?"

"मला जायचंय," आई म्हणाली. एवढंच. लहान मूल पाठ केलेलं म्हणतं तसं.

मी ताईला एवढंच म्हणालो की तुला कंटाळा आला असेल तर तसं सरळ सांग, आईला मधे कशाला घालतेस. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे हल्ली पिवळट दिसतात, झोप नसावी. मग म्हणाली, "बरं, कंटाळा आला. झालं?"

विमानात खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर पाहिलं नाही. सगळ्या रस्त्याने एकच डोक्यात. माणूस बदलतं. आपल्याला वाटतं आपली ताई म्हणजे ताई, ती कुठे जाणार. जाते. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हाच मला कळायला हवं होतं, तिला एकटीला चैन करायची आहे. हक्क आहे तिचा, मान्य. पण मला वाईट वाटायचाही हक्क आहे.

हिला सांगितलं तर हिने वाढायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ताई असं बोलल्या? नक्की?"

शुक्रवार, १ मार्च

विमान रद्द. इंजिनात काही बिघाड म्हणे. सगळे ओरडत होते, मी ओरडलो नाही. ओरडायलाही जोर लागतो. पुढचं विमान उद्या रात्रीचं, म्हणजे पोचायचं आणि लगेच निघायचं.

ताईला घरच्या लँडलाइनवर फोन केला. फोन शिंपीणकाकूंनी उचलला. ताई "बाहेर" गेली होती. तासाभराने तिने मोबाइलवरून परत केला. मी येऊ शकत नाही म्हटलं, तर म्हणाली, "बरं झालं. आराम कर." आवाजात सुटका होती. स्पष्ट ऐकली मी. मागून कोणीतरी नंबर पुकारत होतं.

"कुठे आहेस?"

"बँकेत. टोकन पुकारतायत."

या वेळी बँक उघडी असते? असेल. मी घरी आलो आणि बूट न काढता सोफ्यावर झोपलो.

रविवार, १० मार्च

शनिवारचं तिकीट काढलंय. सोळा तारीख, सकाळचं विमान, स्वच्छतागृहाजवळच्या दोन जागा, चाकांची खुर्ची सांगून ठेवलीये.

काल दिवसभर ताईने मला शिकवलं. आईच्या केसांचा भांग कुठून, तिला कोणत्या कुशीवर झोप लागते, रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर नाही तर चहाबरोबर घेते कारण पाण्याबरोबर उमासे येतात. ती घाबरली की "घाबरू नकोस" म्हणायचं नाही, काहीतरी विचारायचं, म्हणजे ती उत्तर देण्यात गुंतते. मी म्हटलं, "फोनवर विचारेन की तुला." तर म्हणते, "परत सांग. कोणत्या कुशीवर?"

"डाव्या."

"उजव्या! कान आहेत की कवळीचे साचे?"

दुपारी ती झोपली. आईचे कपडे भरायला तिच्या कपाटाशी गेलो. अर्धं कपाट रिकामं. भूगोलाची पुस्तकं, नकाशे, काही नाही. शाळेला दिलं म्हणाली. घर हलकं करतेय. मोकळं व्हायचंय ना.

खाली दूध आणायला गेलो तेव्हा शिंपीणकाकू मशीनवर होत्या. ताईचा निळा झगा होता त्यांच्या हातात, दोन्ही बाजूंनी आत घेत होत्या. "तिसऱ्यांदा आत घेतेय," म्हणाल्या, आणि त्यांनी दात लावून दोरा तोडला. मी म्हटलं, "हो, बारीक झालीये. चालायला जात असेल." काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझ्या शर्टाला काहीतरी लागलंय. "तुम्ही भाऊ ना तिचे?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांनी मशीन सुरू केलं.

विचित्र बाई आहे. पण आईचं किती करते.

शनिवार, १६ मार्च

आई घरात आहे. लेकीच्या खोलीत, उजव्या कुशीवर झोपलीये. दुपारचे साडेतीन. माझ्या अंगात त्राण नाही, तरी लिहितो.

ताई विमानतळावर आली नाही. "तिथल्या खुर्च्यांवर माझी पाठ दुखते," म्हणाली. दारापर्यंत आली. निळा झगा, केस नीट विंचरलेले, ओठांना चक्क काहीतरी लावलेलं. मला वाटलं होतं रडारड होईल. ताईने खाली वाकून आईचे बूट बांधले. उठताना भिंतीला धरलं. आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि नुसता पाहिला, सुई ओवताना पाहतात तसा, डोळे बारीक करून. मग आई मला म्हणाली, "चल, उशीर होईल." लिफ्टचं दार लागलं तेव्हा आईने डोळे मिटले नाहीत. उघडेच ठेवले, दार बंद झाल्यावरसुद्धा त्याच दिशेने.

विमानात मात्र पट्टा लावला आणि तिला धाप लागली. मला ताईचं आठवलं. "आई, कपाटामागची जागा मोठी की ही?" तिने आजूबाजूला पाहिलं. "तीच लहान," म्हणाली. "आणि तिथली हवाईसुंदरी जास्त कडक." पुढच्या रांगेतला माणूस वळून हसला. वर गेल्यावर तिने स्वतःहून पेपरमिंट मागितलं. मधे एकदा बाथरूम, काखेखालून धरून, आधी सांगून. सगळं ठीक. उतरताना ढगांतून जाताना विमान हादरलं, तेव्हा तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "हे तिने केलं होतं. खुर्ची हलवून."

मी त्या दिवशी चिडलो होतो. ते खेळ नव्हते, एवढं आज कळलं.

पण कंटाळलेलं माणूस एवढं करतं का? हिला हेच विचारलं. ही म्हणाली, "तुम्ही झोपा आता."

रविवार, १७ मार्च

सकाळी आईने मला खोलीत बोलावलं. दार लावून घे म्हणाली. दार लाव, असं आईने सांगायचं! मी लावलं.

"तिला खडे नव्हते," आई म्हणाली.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

स्वादुपिंडाचा कर्करोग. डिसेंबरात पोट उघडलं आणि काही न करता परत शिवलं. औषधाने दोन-तीन महिने वाढतील, पण ते अंथरुणात जातील असं डॉक्टर म्हणाले, तर ताईने नको म्हटलं. रक्त चढवायला, पित्ताची नळी बदलायला जायची. ती बँक. ते डोळे. तो झगा.

"मला का नाही सांगितलं?"

"तू लॅब बंद करून आला असतास. नाहीतर तिला उचलून इकडे आणलं असतंस, दहा डॉक्टर केले असतेस. ती म्हणाली, मला माझ्या घरात राहू दे. पण माझ्यामागे आईचं काय, ते आधी लावून देते. मला शपथ घातली होती, विमान उतरून एक रात्र जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"आणि तू आलीस? तिला तशी सोडून?"

हे मी आईला विचारलं. ऐंशी वर्षांच्या बाईला. हातातला रुमाल तिने चौकोनी घडी घालून मांडीवर ठेवला, परत उलगडला.

"ती माझ्यासमोर कण्हायची नाही रे," आई म्हणाली. "मी शेजारच्या कॉटवर. सगळं ऐकू यायचं, दात ओठावर दाबलेले ऐकू येतात. मी झोपलेय की नाही ते बघायला हाक मारायची, मी ओ द्यायची नाही. तरी कण्हायची नाही. नळ सोडून न्हाणीघरात जाऊन बसायची. मी तिथे होते तोवर तिला ती मुभाच नव्हती. म्हणून आले. आता कण्हेल तरी मोकळी."

मग ती रडली. मी पहिल्यांदाच पाहिलं तिला तसं, तोंड उघडं टाकून. मी तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. दुखत असतील तिचे गुडघे, काही म्हणाली नाही.

हिने दार ढकललं. डोळे पुसत होती. हिला शंका होती म्हणे फेब्रुवारीपासून. मला विचारायची हिंमत झाली नाही.

सोमवार, १८ मार्च

सकाळचं विमान. भागीदाराला फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं तो सुस्कारा सोडेल. तो म्हणाला, "जा. सोमवारचं मी बघतो, बुधवारचंही बघतो." ही सुट्टी काढून आईजवळ आहे. आईला मी विचारलं, येतेस का परत? ती म्हणाली, "आज नको. तू जा. मी मग तिच्या मनात असेल तेव्हा येईन."

एक तास पस्तीस मिनिटं म्हणजे किती, ते मला आज कळलं. वर गेल्यावर करण्यासारखं काही नसतं. पट्टा बांधून बसायचं. खाली कोणतं गाव आहे ते ताईने सांगितलं असतं.

ताईच्या इमारतीत लिफ्टची वाट न बघता जिन्यानेच वर गेलो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ऐकू आलं. सुरुवातीला मला कळलंच नाही की तो माणसाचा आवाज आहे. लांबट, खालच्या पट्टीतला, मधे मधे तुटणारा. माझ्याजवळची किल्ली कुलपात फिरली आणि आवाज बंद झाला. एकदम.

ती आईच्या कॉटवर होती. उठून बसायला लागली, एका हाताने केस मागे घेत. "आज सोमवारी कसा रे? आई कशी आहे? घाबरली का?"

"नाही घाबरली. तू खुर्ची हलवलीस तेच झालं म्हणाली."

ती हसायला गेली. मग माझा चेहरा पाहून तिला समजलं. "एक रात्र धीर धरला नाही बाईने," म्हणाली.

"धरला. एकच रात्र धरला."

तिने मान खाली घातली. तिची मान इतकी बारीक झालीये आणि मी तीन महिने दर शनिवारी तिच्यासमोर बसून भात खाल्ला. मी म्हटलं, "तू कंटाळलीस असं वाटलं मला."

"तसंच वाटायला हवं होतं," ती म्हणाली. "रागावलेला होतास म्हणून आईला निमूट घेऊन गेलास. नाहीतर हजार प्रश्न विचारले असतेस."

पिशवी खाली ठेवली. नऊशे बारा किलोमीटर ठरवत आलो होतो, एकही वाक्य जागेवर नव्हतं. तिच्या कपाळावर घाम आला होता, ओठ दातांखाली गेला होता, आणि ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, काही नाही, काही नाही म्हणून.

"ताई," मी म्हटलं, "मी आई नाही. कण्ह तू."

तिने थोडा वेळ रोखून धरलं. मग नाही धरलं. मी तिची पाठ धरून बसलो, ती सांगेल तिथे, ती सांगेल तेवढ्या जोराने. शिंपीणकाकू वर आल्या, दारातूनच पाहिलं, आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या.

गुरुवार, ४ एप्रिल

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, हात मोकळा नव्हता.

गेल्या रविवारी ही आणि लेक आईला घेऊन आल्या होत्या. आईने सगळ्या विमानाला पेपरमिंट वाटले म्हणे. दोन दिवस ताईजवळ बसली, हातात हात घेऊन, आणि ताई तिच्यासमोरही कण्हली. पहिल्यांदा आई दचकली, मग पदराने तिचं कपाळ टिपत राहिली. निघताना पुन्हा येईन म्हणाली. ताई म्हणाली, "लवकर ये." दोघींना कळत होतं ते मला आता कळतं.

घरी येणाऱ्या नर्सने औषधाचा डोस वाढवलाय. ताई बराच वेळ झोपते. जागी असली की मला बोलायला लावते. भूगोल नको, म्हणते, दात सांग. तुझी गिऱ्हाईकं सांग.

आज दुपारी सांगत होतो. एका आजोबांची नवी कवळी बसेना म्हणून त्यांनी चार वेळा परत पाठवली. पाचव्या वेळी मी स्वतः दंतवैद्याकडे गेलो. आजोबांना तोंड उघडायला सांगितलं, तर जुनी कवळी आतच! चारही वेळा ते नवी कवळी जुनीवर चढवायला बघत होते, आणि वर आम्हालाच सांगत होते की जरा घट्ट होतेय.

ताई हसली. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता तिला कळ आली आणि ती मोठ्याने कण्हली, अगदी खिडकीबाहेर जाईल इतक्या मोठ्याने. मी पाठीखालची उशी सरकवली. थोड्या वेळाने श्वास जागेवर आला.

"मग?" तिने विचारलं. "जुनी काढली का त्यांनी?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि पुढचं सांगू लागलो.